सिरोंच्याच्या मालावर सिरोंच्याचे नाव



प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरच्या या सिरोंच्यात आपण दरवर्षी जमतो. यंदाचा विषय आहे प्रदेशाचे नाव आणि प्रदेशाचा माल. बाजारात याला ब्रँडिंग म्हणतात. विषय ऐकायला पुण्या-मुंबईचा वाटतो. पण ज्या मुलखाचा माल दीडशे वर्षे बाहेर जातो आहे आणि ज्याचे नाव मात्र वेशीवरच थांबते, त्या मुलखाइतका हा विषय दुसऱ्या कुणाच्या जिव्हाळ्याचा असणार?

सागवानापासूनच सुरुवात करू. आलापल्ली-सिरोंचा पट्ट्यातले सागवान देशभरच्या लाकूडबाजारात वरच्या दर्जाचे मानले जाते. व्यापारी त्याला काय म्हणतात? ‘सीपी टीक’, म्हणजे मध्य प्रांताचा साग. तो प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, पण लाकडावरचे त्याचे नाव आजही पुसलेले नाही. दुसरे चालू नाव बल्लारशाचे, म्हणजे बल्लारपूरचे, कारण आगार तिथे आणि रेल्वेही तिथे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान निघाले तेव्हा मिरवणूक निघाली ती बल्लारपुरात. संसदेच्या नव्या इमारतीची माहिती प्रसिद्ध झाली, तीत सागवान नागपूरचे असे लिहिलेले होते. झाड वाढते एका ठिकाणी, ओंडका मोजला जातो दुसऱ्या ठिकाणी आणि नाव लागते तिसऱ्याच गावाचे. बल्लारपूर किंवा नागपूरने काही हिरावून घेतले, असा याचा अर्थ नाही. जिथे पावती फाटते तिथले नाव मालाला चिकटते, ही बाजाराची जुनी रीत आहे. आपल्याकडे पावती फाटतच नव्हती.

मिरचीचेही तेच. गोदावरी-प्राणहितेच्या काठची काळी जमीन मिरचीला मानवते हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण जवळची मोठी बाजारपेठ पलीकडे, वारंगळला. पोती तिथे गेली, तिथल्या ढिगात मिसळली की ती मिरची कुठल्या बांधावरची हे कोण विचारतो? २०२५ मध्ये वारंगळच्या चपाटा मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या शेतकऱ्यांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. नदी तीच, ऊन तेच, मातीतही फार अंतर नाही. आणि दर हिवाळ्यात गडचिरोली-चंद्रपूरचे मजूर कुटुंबकबिल्यासह तेलंगणात मिरची तोडायला जातात, हे तर या सभागृहातल्या कित्येकांच्या घरातले वास्तव आहे. त्या मिरचीत आपले श्रमही आहेत.

आता जरा खोल जाऊ, जमिनीच्या पोटात. प्राणहितेच्या डाव्या काठावर, इथून जवळच, कोटा नावाचे गाव आहे. इथल्या खडकांतले माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच अभ्यासकांपुढे आले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, त्यांनीही या भागातले जीवाश्म गोळा केले. जगभरच्या भूशास्त्रात हे थर ‘कोटा फॉर्मेशन’ म्हणून ओळखले जातात. सिरोंच्याच्या परिसरातल्या पोचमपल्लीजवळ १९६०-६१ च्या सुमारास याच थरांत एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची तीनशेच्या आसपास हाडे सापडली, निदान सहा प्राण्यांची. ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते म्हणून १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले ‘बारापासॉरस टागोरी’. आज तो सांगाडा कुठे उभा आहे? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. त्याचा भाऊबंद ‘कोटासॉरस’ तेलंगणाच्या बाजूला यमनपल्लीला सापडला आणि उभा राहिला हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात. शास्त्रज्ञांनी ती हाडे नेली नसती, जोडली नसती, तर ती आज असतीच की नाही कोण जाणे. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण ज्या मातीने ती सतरा-अठरा कोटी वर्षे जपली, तिथल्या शाळकरी पोराला डायनासोर बघायचा तर कोलकात्याचे तिकीट काढावे लागते, याला काय म्हणावे?

एक नाव मात्र आपल्याला आयते मिळाले. नक्षलग्रस्त. १९८२ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून राज्यातल्या इतर वाचकांनी या जिल्ह्याचे नाव वाचले ते बहुतेक चकमकीच्या बातमीत. ते दुःख खरे होते, गेलेले जीव खरे होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या वरिष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली आणि एक पर्व सरत आल्याचे सर्वांना जाणवले. आता प्रश्न असा की त्या जुन्या नावाची जागा कोणते नाव घेणार? सुरजागडच्या लोहखनिजामुळे ‘पोलादनगरी’ हे नाव वरून येऊ घातले आहे. ते येईल तेव्हा येवो. पण दक्षिण टोकाच्या या तालुक्याला स्वतःचे काही म्हणायचे आहे की नाही?

मंडळी, इथे आपण आपल्या आंब्याकडे वळू. कलेक्टर आंबा! मे महिना उजाडला की सिरोंच्याच्या बाजारात हा आंबा दिसू लागतो. आकाराने मोठा, लांबट, गराला भरपूर. इथून तो तेलंगणात जातो, चंद्रपूर-नागपूरलाही जातो. गावात सांगतात की इंग्रजी अमदानीत ग्लासफर्ड नावाच्या साहेबाने ही झाडे लावली. ग्लासफर्ड ही व्यक्ती काल्पनिक नाही. निजामाकडून १८६० मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला, अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याचे ठाणे होते आपले सिरोंचा. कॅप्टन ग्लासफर्ड त्या जिल्ह्याचे अधिकारी होते. १८६२ मधला त्यांचा बस्तरविषयीचा अहवाल अभ्यासक आजही चाळतात. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. म्हणजे हे गाव जिल्ह्याचे ठिकाण होते, ही सांगीवांगीची गोष्ट नव्हे.

मग या आंब्याला मानांकन का मिळू नये? मिळावे, पण त्याआधी दोन अडचणींकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. पहिली अडचण नावाची. फळबागशास्त्राच्या पुस्तकांत तोतापुरीची जी अनेक नावे दिलेली असतात, त्यांत बंगलोरा आहे, किळीमुक्कू आहे आणि ‘कलेक्टर’ही आहे. आंध्रात कलेक्टर म्हटले की तोतापुरीच समोर येते. तेव्हा नुसत्या ‘कलेक्टर’ या नावावर सिरोंच्याला हक्क सांगता येणार नाही. आपला आंबा त्या जातीपेक्षा वेगळा आहे का? असेल तर कशात? गरात, सालीत, गोडीत, टिकण्यात? की जात तीच, पण इथल्या मातीने तिला वेगळा गुण दिला? हे कुणीतरी मोजले पाहिजे, झाडे नोंदली पाहिजेत, जुन्या झाडांचे वय काढले पाहिजे. दुसरी अडचण पुराव्याची. मध्य प्रांतातल्या जिल्हाधिकाऱ्याचा हुद्दा डेप्युटी कमिशनर असा होता. कलेक्टर हा शब्द मद्रास-मुंबई इलाख्यातला. लोक बोलताना कलेक्टर म्हणत असतील, हे अगदी शक्य आहे. पण चेन्नईच्या मानांकन नोंदणी कार्यालयात सांगोवांगी चालत नाही. तिथे जुना दस्तऐवज लागतो, नकाशा लागतो, गुणधर्मांचा तक्ता लागतो. सिरोंच्यातल्या शिक्षकांनी आणि कृषी पदवीधरांनी हे काम अंगावर घ्यावे, इतके ते मोलाचे आहे.

आणि समजा मानांकन मिळाले. पुढे काय?

हापूसकडे पाहा. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, तो लागू झाला सप्टेंबर २००३ मध्ये आणि पहिला मान मिळाला दार्जिलिंगच्या चहाला. कोकणच्या हापूसला २०१८ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतला तोच खरा हापूस, असे कायद्याने ठरले. तरीही वाशीच्या बाजारात कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून पेटीत बसतोच. म्हणून कोकणातल्या संस्थांना बागायतदारांची अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदणी करत फिरावे लागते, पेटीवर क्यूआर कोड लावावा लागतो. हा शिक्का दहा वर्षांनी नव्याने उमटवावा लागतो आणि रोज राखावा लागतो. आपल्याच विदर्भातली भिवापूरची मिरची घ्या. तिला २०१६ मध्ये मानांकन मिळाले, पण तोवर संकरित वाणांनी शेतातून तिला मागे ढकलले होते. नाव आले, माल आटत चालला होता. कोल्हापुरी चपलेलाही मानांकन आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन सोहळ्यात प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. ओरड झाली तेव्हा कबुली मिळाली. ओरड का झाली? कारण कोल्हापूर हे नाव लोकांच्या मनात पक्के रुजलेले होते. कायद्याच्या आधी ते काम कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केले होते.

याच्या उलट एक उदाहरण पूर्व घाटातले आहे, आणि ते मनापासून अभ्यासावे असे आहे. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. पूर्वी ती कॉफी दलाल नेतील त्या भावाने जात होती. नांदी फाउंडेशनबरोबर शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारली, पिकलेली लाल फळेच तोडायची शिस्त बाणवली, प्रक्रिया आपल्या हाती घेतली. २०१७ मध्ये ‘अराकू’ नावाचे दुकान थेट पॅरिसमध्ये उघडले. मानांकन मिळाले २०१९ मध्ये, म्हणजे त्यानंतर! क्रम लक्षात घ्या. आधी शेतकरी एकत्र आले, मग दर्जा आला, मग नाव गाजले आणि शेवटी कागद आला. आपण नेमका उलटा क्रम धरतो. आधी बोधचिन्ह, मग महोत्सव, मग मंत्र्यांच्या हस्ते फीत. मालाची आठवण सर्वांत शेवटी.

आपल्याकडे आंब्याची बाग मोहोर पाहूनच व्यापाऱ्याला देऊन टाकण्याची रीत आहे. शेतकऱ्याची ती चूक नाही. घरात पैशाची निकड असते, फळ उतरवायला माणसे लागतात, वादळाची धास्ती असते. पण मोहोरावर विकलेल्या बागेच्या फळावर तुम्ही तुमचे नाव कसे घालणार? फळ कधी उतरवायचे, कोवळे तोडायचे की पाडाला येऊ द्यायचे, कशाने पिकवायचे, हे सारे व्यापारी ठरवणार. ज्याच्या हातात तोडणी, त्याच्याच हातात नाव. सिरोंच्याचा आंबा म्हणून पेटी निघायची असेल तर पहिली पायरी छापखान्यात नाही, बांधावर आहे: पंचवीस-तीस बागायतदारांनी मिळून मोहोरावर बाग द्यायची नाही असे ठरवणे आणि त्या दोन-तीन महिन्यांची उचल त्यांना बँकेकडून किंवा बचत गटाकडून मिळवून देणे.

हे जमेल का? ज्या जिल्ह्याने याहून अवघड काम करून दाखवले आहे, त्याने असा प्रश्न विचारू नये. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर पेसा आणि वनहक्क कायद्याच्या आधारे जिल्ह्यातल्या ग्रामसभा तेंदूपानाचा लिलाव स्वतः करू लागल्या. तेंदूचा फड ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, दुपारी घरी सावलीत बसून पान पानावर जुळवतात, सालीच्या दोरीने पुडके बांधतात आणि संध्याकाळी फडावर ते मोजून घेतले जाते. फाटके, कोवळे, डागाळलेले पान पुडक्यात घातले तर फडावर ते मागे येते. दर्जा म्हणजे काय हे या बायांना कुणी व्यवस्थापनाचा पदवीधर शिकवू शकणार नाही. दक्षिण गडचिरोलीच्या पानाला चांगला भाव मिळतो तो याच निवडीमुळे. हिशेब, लिलाव, दर्जा, वाटणी ही सारी कामे ग्रामसभांनी केली आहेत. आंबा, मिरची, मोहफूल, मध, चारोळी यांच्यासाठी नवी यंत्रणा आकाशातून आणायची गरज नाही.

मोहाबद्दलही थोडे. या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, म्हणून मोह म्हटले की लोक आवाज खाली करतात. पण मोहाचे फूल हे इथले अन्न आहे, लाडू-भाकरीत घातले जाणारे, दुष्काळात माणसांना तगवणारे. ते अन्न म्हणून अभिमानाने पुड्यात बांधून विकता येते, आणि विकले पाहिजे.

आता पर्यटन. इथे शेजारच्या चंद्रपूरकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारीचे अभयारण्य १९८६ चे, दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ मध्ये. आज ‘ताडोबा’ हे नाव जगभरच्या वन्यजीवप्रेमींच्या तोंडी आहे. मोहर्ली, कोलारा या गावांतली मुले मार्गदर्शक झाली, जिप्सी चालवू लागली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच नावाची दुसरी बाजू अशी की मोठी रिसॉर्ट बहुतेक बाहेरच्या मालकांची आणि वाघाच्या हल्ल्यात मरणारी माणसे गावातली. पर्यटक वाघ पाहतो आणि परत जातो. ज्या तारू नावाच्या गोंड दैवतावरून ताडोबा हे नाव आले असे मानतात, त्याचे ठाणे तळ्याच्या काठी आहे, पण त्याची आठवण किती जण सोबत नेतात? सिरोंच्याने ताडोबाकडून शिकावे, आणि त्याच्या मागे राहिल्याचा एक फायदाही घ्यावा: कोणत्या वाटेने जायचे नाही हे आपल्याला आधीच दिसते आहे.

आपल्याकडे दाखवण्यासारखे काय आहे? वडधमचे जीवाश्म उद्यान आहे. सोमनूरला इंद्रावती गोदावरीला मिळते तो संगम आहे. कमलापूरला राज्यातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प आहे. तिथले हत्ती जामनगरला हलवायची बातमी २०२२ मध्ये आली तेव्हा इथले लोक उठून उभे राहिले. गावाची ओळख कशात असते हे लोकांना बरोबर कळते, याचा त्याहून मोठा पुरावा कोणता हवा? कोलामार्कात रानम्हशी आहेत. २०१३ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र झाले आणि महाराष्ट्रात रानम्हैस पाहायची तर इथेच यावे लागते. आलापल्लीचे ‘वनवैभव’ हे २०१४ मध्ये जाहीर झालेले राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ. मोजून एक तालुका आणि त्याच्या वेशीलगतचा भाग, एवढ्यात हे सारे आहे.

नाही तो रस्ता. आलापल्ली-सिरोंचा रस्त्याने या तालुक्याची किती वर्षे खाल्ली हे इथे बसलेल्या प्रत्येकाच्या कंबरेला ठाऊक आहे. जिल्ह्याचे रेल्वे स्थानक तिकडे उत्तरेला देसाईगंज-वडसा, आणि आपल्याला जवळचे स्थानक तेलंगणातले मंचेरियाल. म्हणूनच आपला पाहुणा कोण हे नीट ओळखले पाहिजे. तो पुण्या-मुंबईहून येणार नाही, निदान आधी तरी नाही. तो येणार पुलावरून. कालेश्वरमला मुक्तेश्वराच्या दर्शनाला येणारा भाविक, हैदराबादहून गाडी काढून आलेले कुटुंब, करीमनगर-वारंगळचा शिक्षक. आपली घरे तेलुगू-मराठी दोन्ही बोलतात, बाजूच्या गावांत माडिया-गोंडी. मग आपल्या पाट्या, माहितीपत्रके, आंब्याच्या पेट्या फक्त मराठीत का? सिरोंच्याच्या मालावर तेलुगू अक्षरे दिसली तर मराठीचे काही बिघडत नाही. उलट गिऱ्हाईक घरचे होते.

आणि तो पाहुणा लाखांनी येतो हे आपण पाहिले आहे. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचे पुष्करालू, म्हणजे नदीस्नानाचे पर्व, भरले, बारा दिवस, तेव्हा या गावाच्या घाटांवर माणसांचा महापूर होता. ते दिवस आठवा. खायला मिळाले का? मिळाले. आंघोळीला जागा मिळाली का? मिळाली. पण परत जाताना त्या भाविकाच्या पिशवीत सिरोंच्याचे काय होते? बहुतेकांच्या पिशवीत बाहेरून आणलेली प्लॅस्टिकची खेळणी आणि बाटलीतले नदीचे पाणी. वडधमला डायनासोरचे जीवाश्म आहेत हे त्यांतल्या किती जणांना कुणी सांगितले?

२०२७ मध्ये गोदावरीचे पुष्करालू आहेत. त्याच सुमारास नाशिकला सिंहस्थ भरतो आहे. एकच गोदावरी, तिच्या एका टोकाला त्र्यंबकेश्वर आणि महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आपण. नाशिकच्या तयारीवर राज्याचे लक्ष आहे, असायलाच हवे. पण राज्याच्या तिजोरीचा आणि लक्षाचा थोडा वाटा या टोकालाही मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि तो मागताना हात रिकामे असू नयेत. घाट, शौचालये, पाणी हे शासनाकडे मागू. गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्याच्या पाण्याखाली ज्यांची शेते गेली, त्यांचा मोबदलाही त्याच बैठकीत मागू, कारण ज्या शेतकऱ्याची जमीन पाण्यात आहे त्याला आपल्या गावाच्या नावाचा अभिमान बाळगा असे कोणत्या तोंडाने सांगणार?

उरलेले आपण करू. पुष्करालू पावसाळ्याच्या तोंडाशी येतात, तेव्हा ताज्या आंब्याचा हंगाम सरत आलेला असतो. म्हणजे येत्या मोसमात बचत गटांनी आमचूर, आंबापोळी, लोणचे करून बघायचे, बिघडेल ते बिघडू द्यायचे, आणि जमलेली पाककृती पुढच्या मोसमात सगळ्या गटांनी एकसारखी वापरायची. मिरचीच्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी आपला थोडा माल वारंगळला न पाठवता इथेच देठ खुडून, दळून, वजन करून पाकिटात भरायचा. वडधमसाठी पोचमपल्ली, कोटा, अंकिसा, आसरअल्ली या गावांतल्या दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलींना दोन्ही भाषांत माहिती सांगायला तयार करायचे. कोलकात्याच्या सांगाड्याची पूर्णाकृती प्रतिकृती सिरोंच्याला मिळावी, असा ठराव ग्रामसभांनी करून शासनाकडे आणि त्या संस्थेकडे पाठवायचा. आणि ‘सिरोंचा’ हे नाव पाकिटावर कोण लावू शकेल, कोणत्या दर्जाला लावता येईल आणि चूक झाली तर ते काढून कोण घेईल, याचे नियम ग्रामसभांच्या एकत्रित बैठकीत लिहून काढायचे. ही बैठक कुठे आणि कधी घ्यायची, ते अध्यक्ष महोदयांच्या परवानगीने आज चहाच्या वेळी, इथून उठण्यापूर्वी, ठरवून घेऊ.